ओल्या बाहीचे गुरुजी

आमच्या गुरुजींच्या सदऱ्याची उजवी बाही कायम ओली असायची. पाथर्डी तालुक्यात, जिथं उन्हाळ्यात प्यायचं पाणीही टँकरनं येतं, तिथं ही चैनच म्हणायची. पण शाळेतून निवृत्त होण्याआधीच त्यांनी रानात शेततळं खणून मासे पाळले होते, आणि तळ्यावर गेलं की बाही वर न सारता कोपरापर्यंत हात बुडवायची त्यांना खोडच होती. कोपर बुडेपर्यंत हिरव्या पाण्यात तळवा दिसेनासा झाला की माशांचं खाणं पुरेसं आहे. बोटं स्वच्छ दिसत राहिली तर शेण टाकून पाणी हिरवं करायचं.

आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला निघाले की मी गुरुजींकडे राहायची. माझा हात आखूड, म्हणून त्यांनी स्वतःच्या कोपरापर्यंतच्या हाताचं माप घेऊन माझ्या दंडावर पेनानं रेघ मारली. त्या रेघेपर्यंत हात बुडवायचा. दरवर्षी नवी रेघ थोडी खाली यायची. बारावीत ती कोपराला टेकली तेव्हा ते म्हणाले, "आता तुजा हात तयार झाला, पोरी." त्याच वर्षी त्यांनी मला कोकणातल्या मत्स्य महाविद्यालयाचा अर्ज भरायला लावला. वडील तयार नव्हते. गुरुजी थेट कारखान्यावर गेले आणि आमच्या पाचटाच्या कोपीत अर्धा दिवस ठाण मांडून त्यांचा होकार घेऊनच उठले. टँकरच्या गावची पोर मासे शिकायला समुद्रावर निघाली, म्हणून गावानं पोट धरून हसून घेतलं.

गुरुजींचं एक सांगणं मी सोबत नेलं होतं. "पान्यात काय बी सोडायच्या आधी इचार करायचा. रानात सुटलेलं जनावर हाकून आणता येतं, पान्यात सुटलेलं न्हाई." तिसऱ्या वर्षी जलसंवर्धनाच्या तासाला मी ते बोलून दाखवलं आणि प्राध्यापकांनी सगळ्या वर्गाला वहीत उतरवून घ्यायला लावलं. मी वसतिगृहातून फोन करून ते गुरुजींना सांगितलं. ते बराच वेळ नुसते हसत होते.

शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी मी आमच्या गावचाच पाझर तलाव निवडला. त्यातले देशी मासे मोजायचे होते. लहानपणी त्या तलावात खवली आणि मळ्या ओंजळीनं मिळायचे. आता आठवडाभर जाळं टाकूनही ते दिसेनात. वर यायचे ते काळे, चपट्या डोक्याचे, मिशांचे मासे. वर्गात त्या माशाचं चित्र मी कितीदा पाहिलं होतं. सरकारनं बंदी घातलेला परदेशी मांगूर. हा आला की दुसरं काही उरू देत नाही.

हे कुणी केलं ते शोधायला मदत करतील म्हणून मी आधी गुरुजींकडेच धावले. ते शेततळ्यावर होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि चहाला घरी जाऊ म्हणाले. त्यांची बाही कोरडी होती. बोलता बोलता मी सवयीनं काठावर बसले आणि पाण्यात हात घातला.

"हात काढ!" गुरुजी ओरडले. इतक्या वर्षांत ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते.

मांगुराचा काटा हाताला लागला तर काय होतं ते मला पुस्तकातून ठाऊक होतं. त्यांना ते कसं ठाऊक, हे विचारायची गरज उरली नाही.

मग त्यांनीच सांगितलं. मी कोकणात गेल्यावर आटत्या पाण्यात दोनदा कटला-रोहू मेले, तेव्हा एका व्यापाऱ्यानं हे बीज आणून दिलं. हा मासा चिखलातही तगतो. मागच्या पावसाळ्यात तळं भरून वाहिलं आणि मासे ओढ्यानं तलावात गेले. बंदी आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी फोनवर त्यांचं वाक्य त्यांनाच ऐकवत होते, तेव्हाही तळ्यात मांगूरच होता. ते हसणं आठवून मला आजही संताप येतो.

एवढंही मी गिळलं असतं. दुष्काळ मीही पाहिला आहे. पण निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "अहवालात आपल्या तळ्याचं लिहू नको. तुला तिकडं मीच धाडलं ना?"

इतक्या वर्षांची माया त्यांनी त्या एका वाक्यात वसूल करायला काढली. मी त्यांचा हात डोक्यावरून बाजूला केला आणि चालत घरी आले. वाटेत खूप रडले.

अहवाल मागच्या महिन्यात दिला. आभाराच्या पानावर पहिलं नाव गुरुजींचं आहे. ते खोडायला दोनदा बसले, हात धजला नाही. मांगूर तलावात कुठून आला, त्या पानावरही तेच नाव आहे. तिथूनही खोडलं नाही.