पांढऱ्या दोऱ्याचा कोट

एवढा पैसा जातो तरी कुठं? मोठा सिनेमा आला की लोक हेच विचारतात. पेपरात आकडा छापून येतो, घराघरांत आ वासला जातो, आणि कुणीतरी शहाणा सांगून टाकतो की सगळा हिरोच्या खिशात जातो. जातो ना, नाही कोण म्हणतंय? पण बाबांनो, हिरोला खिसा हवा असेल तर आधी कोट शिवायला नको का? आणि तो कोट एक नसतो. हिरोचा एक, त्याच्याऐवजी छतावरून उडी मारणाऱ्याचा एक, घोड्यावर बसणाऱ्याचा एक. पाण्यात भिजवायचा वेगळा, आगीत होरपळायचा वेगळा, फाडायचे तर दोन-तीन, कारण पहिल्या झटक्यात मनासारखा फाटेल तर शपथ! पडद्यावर तुम्हाला एकच कोट दिसतो. मागं अख्खी मांडणी भरलेली असते.

या मांडणीपाशी दोन जावा काम करायच्या. थोरली कपडे शिवायची आणि धाकटी ते नासवायची. नासवायची म्हणजे पोटासाठी हो, वैर म्हणून नव्हे. हिरो महिनाभर रानोमाळ हिंडला असं दाखवायचं तर नवाकोरा कोट कसा चालेल? मग धाकटी खिसणीनं बाह्यांच्या कडा झिजवायची, तारेच्या ब्रशनं कोपरं घासायची, खिशांत दगड भरून कोट टांगून ठेवायची, म्हणजे खिसे लोंबायला लागतात. वर चहाचं पाणी, मेण आणि चाळलेली माती. एका कोटाचं तिसरं बटण जेवढं लोंबेल तेवढंच सगळ्या कोटांचं लोंबलं पाहिजे. हात होता तिला, खरंच होता. पण वर्कशॉपमध्ये सगळे तिला काय म्हणायचे? धूळवाली!

थोरलीचं मशीन खिडकीशी, उजेडात. धाकटीची जागा दुसऱ्या टोकाला, मोरीजवळ. कपड्यांचा सगळा कारभार बघणाऱ्या मॅडम थोरलीला ‘तुम्ही’ म्हणायच्या आणि धाकटीला ‘ए, तू’. घरीही तेच. सासूबाईंचं पान थोरलीवाचून हलायचं नाही. थोरली वाईट असती तर किती बरं झालं असतं! मग चार बायकांत बसून मनसोक्त नावं तरी ठेवता आली असती. पण मेली चांगली होती. धाकटीच्या मुलीचे कपडे न सांगता शिवून द्यायची, आणि ते असे बसायचे की धाकटीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पण खरा काटा होता तो नावाचा. सिनेमा संपला की पडद्यावर नावं सरकतात ना, लोक चपला शोधत असतात तेव्हा, त्यात थोरलीचं नाव तीनदा येऊन गेलं होतं. धाकटीचं एकदाही नाही. आणि धाकटीची आई अशी, की लेकीच्या हातचे कपडे असलेला प्रत्येक सिनेमा बघायला यायची आणि शेवटचं अक्षर सरकेपर्यंत खुर्चीतून उठायची नाही. झाडूवाला येऊन उभा राहायचा. “आजी, संपला,” म्हणायचा.

“थांब रे बाबा, आमचं नाव यायचंय.”

आणि मग दरवेळी बाहेर पडताना म्हणायची, “तुझ्या जावेचं आलं गं. तुझं पुढच्या वेळी येईल.” आईचे गुडघे आता जिना चढताना बोंब मारत होते. अशा आणखी किती पुढच्या वेळा उरल्या होत्या, कुणाला ठाऊक. धाकटीला दुसरं काही नको होतं. एकदा, एकदाच, आईशेजारी बसून आपलं नाव वर जाताना बघायचं होतं.

आता हा सिनेमा म्हणजे आजवरचा सगळ्यात मोठा. कोटाचं कापड मुद्दाम विणून घेतलेलं, गडद निळं, आणि ठाण संपलं की संपलं, परत मिळणार नाही. शूटिंग तर सगळं उलटंसुलटं. गोष्टीतला शेवट आधी उरकला, आग झाली, मारामाऱ्या झाल्या, आणि सुरुवात राहिली अगदी शेवटच्या दिवशी. सुरुवातीला हिरो नवाकोरा कोट घालून बोटीतून उतरतो. त्यासाठी हिरोच्या मापाचा एकच कोट कोरा उरला होता. बाकी सगळे आगीत, पाण्यात आणि धाकटीच्या ब्रशखाली गेलेले.

असले घोळ होऊ नयेत म्हणून थोरलीनं दोऱ्यांची युक्ती काढली होती. कॉलरच्या आत दोरा बांधायचा. पिवळा असेल तर धूळ, तांबडा असेल तर जळका, आणि पांढरा असेल तर हात लावायचा नाही. मॅडमना ही युक्ती इतकी आवडली की त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवली. तेव्हापासून धाकटीला ते दोरे डोळ्यांत खुपायचे. कुठला कोट कुठं टांगलाय हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. मला हिच्या दोऱ्यांची काय गरज, असं म्हणून ती मुद्दाम कॉलर उलटून बघायचीच नाही.

शेवटच्या शूटिंगच्या आदल्या दिवशी निरोप आला, की घोडेस्वारासाठी आणखी एक धुळकट कोट हवा. थोरलीनं घोडेस्वाराच्या मापाचा, पिवळ्या दोऱ्याचा कोट मोरीकडच्या दांडीवर आणून टांगला. जागा करताना शेजारचा कोरा कोट थोडा सरकवला. एवढंच झालं. तेवढ्यात मॅडम आल्या.

“नावांची यादी चाललीय,” त्या थोरलीला म्हणाल्या. “मॅनेजर म्हणतो, वर्कशॉपमधून एकच नाव घेणार. तुमचंच देतेय, अर्थातच.”

अर्थातच! धाकटीनं आठवड्यापूर्वी लाज सोडून मॅडमना स्वतः विचारलं होतं. ‘बघते’ म्हणाल्या होत्या. हेच बघितलं होय! थोरली हसून म्हणाली, “अहो, माझं झालंय की तीनदा, धाकटीचं द्या ना या वेळी,” आणि मॅडमनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्या बोलण्यानं तर धाकटीला जास्तच झोंबलं. हिनं दान द्यायचं आणि मी झोळी पसरायची? तिनं दांडीवरचा नेहमीच्या जागेवरचा कोट खसकन ओढला आणि ब्रश हातात घेतला.

मग काय घासलाय कोट! कोपरं, खांदे, पाठ, सगळा राग त्या कापडात उतरला. थोरली मॅडमबरोबर मापं घ्यायला बाहेर गेली होती. संध्याकाळ होईतो कोट असा तयार झाला, की त्यात माणसानं अख्खं आयुष्य काढलंय असं वाटावं. इतकं सुंदर काम तिच्या हातून आजवर झालं नव्हतं. तिनं तो एका पिशवीत घातला, दांडीवर उरलेला कोरा दुसऱ्या पिशवीत, चेन लावल्या आणि दोन्ही गाडीत रवाना केल्या. कॉलर काही बघितली नाही.

सकाळी सेटवर बंदराचा रस्ता उभा होता, अर्धी बोट उभी होती. शेकडो माणसं जुन्या काळचे कपडे घालून, मिशा चिकटवून तयार होती. क्रेनवर कॅमेरा, धूर सोडणारी यंत्रं, घोडे, घोड्यांचे डॉक्टर, आगीचा बंब, आणि हिरोची ती गाडी, जिच्यात एक बिऱ्हाड सुखानं राहील. थोरलीनं पिशव्या उघडल्या; कोरा कोट घोडेस्वाराच्या मापाचा होता आणि झिजलेला हिरोच्या, आणि तिचा हात तिथंच थांबला.

धाकटीनं पुढं होऊन बघितलं. थोरलीनं झिजलेल्या कोटाची कॉलर उलटली. आत पांढरा दोरा. दोघींची नजरानजर झाली. बाहेर मॅडमच्या सँडल वाजल्या तशी थोरलीनं गळ्यातली छोटी कात्री उचलली, दोरा कापला आणि मुठीत दाबला.

“हे काय आहे?” मॅडम किंचाळल्या. “कुणी केलं हे?”

“माझी चूक, मॅडम. दोरा बांधायचाच विसरले. तिला कसं कळणार?”

धाकटीनं तोंड उघडलं. आणि मिटलं.

पुढं जे झालं ते ज्यानं ऐकलं नाही त्यानं खरी ओरड ऐकलीच नाही. मॅनेजर नुसता थयथयाट करत होता. “इथं एक तास उभं राहायला काय लागतं, कल्पना आहे?” हिरो दुसऱ्या दिवशी परदेशी जाणार, पुढचे कित्येक महिने त्याची तारीख नाही. कापड नाही, कोट नाही, आणि घोडेस्वाराचा होता तो हिरोच्या अंगात शिरेना. सगळे बसून राहिले. माणसं बसली, घोडे खात राहिले, क्रेनचं भाडं चालू, सगळ्यांचं जेवण चालू. दुपारी निर्णय झाला, की हाच कोट घालून शूटिंग उरकायचं आणि नंतर कॉम्प्युटरवर कोट नवा करायचा. हिरो चालतो, वळतो, हात हलवतो, तेव्हा प्रत्येक चित्रातली प्रत्येक झीज एकेक करून पुसायची. एका हॉलभर पोरंपोरी त्या एका कोटाला कित्येक आठवडे जुंपली गेली म्हणे. नव्याचं जुनं करायला एक धूळवाली पुरली, आणि जुन्याचं नवं करायला एवढी फौज! कळलं का, पैसा कुठं जातो ते?

परतताना गाडीत धाकटीनं विचारलं, “जाऊबाई, असं का सांगितलंत?”

“अगं, तुला घरीच बसवलं असतं. मला काय, चार शब्द सुनावतील आणि गप्प बसतील. माझ्याशिवाय शिवणार कोण?”

किती सहज म्हणाली! त्यात टोमणा नव्हता, तोरा नव्हता. खरं तेच होतं, आणि म्हणूनच धाकटीला ते घशाखाली उतरेना. हिच्या चुकीलासुद्धा माझ्या चुकीपेक्षा जास्त किंमत! आभार मानायचे सोडून ती खिडकीबाहेर बघत बसली.

आठवड्यानं मॅडमनी बोलावलं. “तिचं नाव काढलंय. तुझं देतेय,” म्हणाल्या. आता तरी बोलायचं होतं, मॅडम, चूक माझी होती, म्हणायचं होतं. धाकटीच्या डोळ्यांपुढं आईचे गुडघे आले. ती “थँक यू” म्हणाली आणि मोरीकडे परत गेली.

सिनेमा लागला तेव्हा अख्खं घर गेलं. धाकटीच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला थोरली. बंदराचा प्रसंग आला. हिरो बोटीतून उतरला, अंगात लखलखीत निळा कोट. धाकटीच्या आजवरच्या सगळ्यात सुंदर कामाचा मागमूस उरला नव्हता. “कळतसुद्धा नाही गं,” थोरली कुजबुजली आणि तिनं धाकटीचा हात दाबला.

शेवटी दिवे लागले, लोक उठले, नावं सरकू लागली. आई खुर्चीत पुढं सरकून बसली. आणि धाकटीच्या मनात एकच विचार आला. आता हिला कसं वाटत असेल? जळत असेल ना, थोडं तरी? एकदा तरी हिच्या पोटात दुखू दे, माझ्या रोज दुखतं तसं. ती थोरलीच्या चेहऱ्याकडे बघू लागली. ओठ आवळले का, पापणी हलली का, नजर खाली गेली का. एवढं टक लावून तिनं कुठला कोटही कधी बघितला नव्हता. थोरलीचा चेहरा एकदम फुलला, तिनं दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या. धाकटी तरी शोधतच राहिली, त्या हसण्यात कुठं एखादा टाका उसवलाय का ते.

“आलं गं, आलं!” आईनं तिचं मनगट घट्ट धरलं. आईचे डोळे भरून आले होते. “केवढं ठसठशीत! पाहिलंस ना?”

धाकटीनं झटकन मान वळवली. पडद्यावर ड्रायव्हरांची नावं सरकत होती.

“हो आई,” ती म्हणाली. “पाहिलं.”