मायची मजुरी

ठेकेदारानं पेन उघडलं आणि माझ्या हिशेबाच्या कागदावर मायच्या मजुरीवर आडवी रेघ मारली.

"हे कायचं वं? सैपाकाची मजुरी? अगे, तू तं घरचीच बाई. तुही सासू आमच्या घरी जलमभर शेन काढे. तिनं कधी हिशेब मांगतला नाई."

आम्ही दोघी पायरीवर उभ्या. बाजूला खुर्च्या होत्या, बसा कोणी म्हटलं नाही. आम्ही बौद्ध. आज्यानं धम्म घेतला, तरी त्या घराच्या लेखी आम्ही शेण काढणारेच.

माय हसली. तोंडाला पदर लावून हसली. "बरोबर हाये मालक. मले कायचे पैशे?"

त्याचं बोलणं मी विसरले असते. ते हसणं नाही विसरता आलं.

बाप गेल्यावर मायनं आमच्या गावात, वरठीला, जेवणाचे डबे सुरू केले. घरच्याच गॅसवर, टिनाच्या छपराखाली. मी बी. कॉम. झाले, हिशेब माझ्याकडे आला. बचतगटाच्या प्रशिक्षणात मॅडमनं शिकवलं होतं की तांदूळ, तेल, गॅस धरा, मग स्वतःची मजुरी धरा, आणि मगच डब्याचा दर काढा. मी तसाच कागद करून नेला होता. ठेकेदाराच्या रस्त्याच्या कामावरच्या मजुरांच्या डब्यांचा ठेका मिळणार होता. एवढं मोठं काम आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

मी बोलायला तोंड उघडलं, तर मायनं माझा हात दाबला. त्याच्याच दरानं काम घेतलं.

महिनाअखेर पैसे उरायचे. नफा, नफा म्हणून मी नाचायची. त्यातून फ्रिज आला, भावाची फी गेली. मायनं स्वतःला एक ब्लाउजसुद्धा शिवला नाही. कंबर दुखते म्हणायची आणि पुन्हा कणीक मळायला बसायची.

एक दिवस भाताचा गंज, ते मोठं पातेलं, उचलताना ती खाली बसली. उठलीच नाही. मणका गेला, डॉक्टर म्हणाले. वजन उचलणं बंद.

डबे तर द्यायचेच होते. शेजारच्या वंदनाबाईला रोजीनं लावलं. तेवढेच डबे, तोच तांदूळ, तेच तेल. महिना संपला, हिशेबाला बसले. वंदनाबाईची रोजी दिल्यावर काहीच उरलं नव्हतं. पुन्हा जमवून पाहिलं. चूक नव्हती. मग कळलं, आणि मी तोंडावर हात धरून रडले. नफा कधी नव्हताच, बाप्पा! मायची मजुरी आम्ही नफा म्हणून खात होतो. आपल्याच मायची कंबर खात होतो.

ठेका संपत आला तेव्हा मी एकटी गेले. नवीन कागद घेऊन. त्यानं पुन्हा पेन काढलं. मी कागदावर हात ठेवला.

"मजुरी धरूनच दर हाये. परवडत असंन तं घ्या."

"लय शिकली वं तू! आजीले विसरली काय?"

"तिलेच आठवून राहिली. तिले तुमी काईच देल्लं नाई."

"मंग डबे बंद."

"बंद."

घरी आले. मायनं खाटेवरून विचारलं, "देल्ली काय ऑर्डर?" मी खरं ते सांगितलं. ती रडायला लागली.

"माह्या पैशाखातर काहून घालवली वं? मी काई मजूर हावो का?"

तिला अजून पटलेलं नाही. आता थोडेच डबे आहेत. ती खाटेवर बसून भाजी चिरून देते. महिना झाला की मी सगळ्यात आधी तिची मजुरी काढते, तिच्या हातात ठेवते. ती परत करते, मी घेत नाही. आम्ही भांडतो.

मागचं मी तिला देऊ शकत नाही. कंबर तर नाहीच. पण यापुढं आमच्या घरातल्या बाईचे हात कोणाला फुकट मिळणार नाहीत. ठेकेदाराला नाही, भावाला नाही आणि मलाही नाही.