देवाचं राज्य आणि आमचा कापूस

ओल्या कापसाचा वास आला की अकोल्यातली ती सकाळ आठवते. विलायतेत आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि आम्ही नवराबायको नुकतेच ख्रिस्ती झालो होतो. प्रार्थनाघरापुढे कापसाची उघडी गाडी उभी होती आणि थेंब पडू लागले होते. पाद्रीसाहेबांनी नेमकं बायकोलाच प्रार्थना करायला सांगितलं. ती म्हणाली, "देवबापा, तुयं राज्य येऊ दे, पण आमचा कापूस झाकल्यावर." साहेब म्हणाले, "बाई, देवाचं आधी मागा." तिनं डोळे न उघडता म्हटलं, "बरं, आधी तुयं राज्य येऊ दे. मंग कापूस तूच झाक." घाईनं आमेन म्हणून साहेबांनी आम्हाला उठवलं आणि खालची सतरंजी घेऊन ते स्वतःच गाडीकडे धावले. आता मी म्हातारा झालो. देवाचं आधी मागतो, पण तिच्यासारखं निश्चिंत बसणं अजून जमत नाही.