धारेच्या वेळचं गाणं

धारोष्ण दुधाचा वास आला की मला ट्रम्पेट ऐकू येतो. आमच्या गोठ्यावरच्या खोलीत कोल्हापुरात शिकायला आलेला एक नायजेरियन मुलगा भाड्यानं राहायचा. संध्याकाळी वडील धार काढायला बसले की नेमका तेव्हाच तो त्याच्या देशातल्या हायलाइफ नावाच्या जुन्या नाचगाण्यांचं डीजे मिक्स लावायचा. गिटारी पाण्यावरच्या उन्हासारख्या लुकलुकायच्या, मधेच ट्रम्पेट वाजायचा, एक गाणं संपता संपता दुसऱ्यात विरघळायचं आणि खाली चरवीत फेस चढत राहायचा. "पावणं, बंद करा की ते, म्हसरं बिथरत्यात!" वडील रोज वर बघून ओरडायचे. शिक्षण संपवून तो मायदेशी गेला आणि त्याच संध्याकाळी थोरल्या म्हशीनं पान्हा चोरला. वडिलांनी पेंड घातली, पाठ थोपटली, रेडकू ढुसण्या देऊन दमलं, तरी थेंब पडेना. दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी माझ्याकडं न बघताच वडील म्हणाले, "त्या पावण्याला फोन लाव. तेवढं गाणं पाठीव म्हणावं." त्यानं लगेच ते पाठवलं. मी मोबाइल गव्हाणीच्या कडेला ठेवला. ट्रम्पेट वाजला, म्हशीनं कान हलवले, डोळे अर्धवट मिटले आणि चरवीत पहिली धार वाजली. "आवाज वाढीव की जरा," वडील म्हणाले. आता म्हशी नाहीत, वडीलही नाहीत. काल पिशवीतलं दूध तापत ठेवलं आणि सहज ते मिक्स लावलं. ट्रम्पेट वाजला, तेव्हा मी माळ्यावरची चरवी काढून विसळत होते.