ब्लांश पार्डीचे तीन बार

ब्लांश पार्डीनं आमच्या चर्चमध्ये एकतीस वर्षं ऑर्गन वाजवला. आठवडाभर मासळीच्या कारखान्यात सुरी चालवायची आणि रविवारी हात लिंबानं घासून ऑर्गनवर बसायची. पहिल्या बाकापर्यंत वास यायचाच. कुणी नाक मुरडलं की म्हणायची, "ख्रिस्तानं कोळीच गोळा केले होते, अत्तरवाले नाही."

आमच्या क्रोकर्स टिकल गावात जोडपं चर्चबाहेर पडलं की घराघरातून बंदुकीचे बार उडतात. न्यूफाउंडलंडच्या या किनाऱ्यावर बार झाले नाहीत तर लग्न झालं असं कुणी धरत नाही, कागद काहीही म्हणो.

डिसेंबरात कोर्टानं बाईला बाईशी लग्न करायची मोकळीक दिली. ब्लांश आणि शाळेत शिकवणारी आयरीन बावीस वर्षं एका घरात राहत होत्या. गाव त्यांना 'त्या दोघी' म्हणायचं आणि पुढचं विचारायचं नाही. जूनमध्ये ब्लांशनं पाद्रीबाबांना लग्न लावायला सांगितलं. उत्तर द्यायला ते तिच्या घरी आले, तेव्हा मी शेजारीण तिथंच पाव कापत होते.

"माझ्या हातून नाही व्हायचं, ब्लांश. मंडळीच्या बैठकीतही मत विरोधातच पडलं. कायदा तुम्हाला लग्न करू देतो, तसा मला 'नाही' म्हणू देतो."

"माहीत आहे. वाचलाय. तुमचा हात नाही पिरगाळायचा मला."

"मग हे आपल्यातच ठेवू. उगाच बोभाटा कशाला?"

ब्लांशनं किटली आदळली. "बावीस वर्षं आपल्यातच ठेवलं, पाद्रीबाबा. पुरे झालं. नकार हा तुमचा हक्क ना? मग रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून बजावा. माझ्या कानात कुजबुजायचा नाही."

"आणि चहा घ्या," आयरीन म्हणाली. "गार होतोय."

त्यांचंही मानायला हवं, रविवारी ते बोलले. सगळ्यांसमोर, उभं राहून. ब्लांश उठली, ऑर्गनचं झाकण लावलं आणि किल्ली त्यांच्यापुढे ठेवली.

"तुमचा नकार ऐकला. आता माझा ऐका. माझ्या लग्नाला हे दार बंद असेल, तर दुसऱ्या कुणाच्या लग्नाला माझे हातही बंद."

शेवटचं गीत ऑर्गनशिवाय म्हटलं. म्हणजे किंचाळलोच.

दुकानात म्हाताऱ्या चेसकाकानं तिला गाठलं. बैठकीत विरोधात हात वर करणाऱ्यांत तो पहिला. "लग्न कर हवं तर, पोरी. पण बारांची आशा धरू नको. एक बंदूक उठायची नाही."

"मागायला कोण आलंय, काका?"

तोंडानं असं म्हणाली खरी, पण त्या संध्याकाळी तिनं बटाट्यांत दोनदा मीठ घातलं.

लग्न जुलैत, धक्क्यावर, मासे उतरवतात तिथं झालं. शेजारच्या गावातून सरकारी अधिकारी बाई आली. आम्ही अकरा जण. सह्या झाल्या, आयरीननं डोळे पुसले, आणि मग सगळे नुसते घरांकडे बघत उभे. खाडीत चिडीचूप.

ब्लांश झगा सावरत छपरीत गेली आणि बापाची जुनी ठासणीची बंदूक घेऊन आली.

"अगं, नवरी कधी स्वतःचे बार उडवते का?" आयरीन ओरडली.

"ही उडवते."

दारू ओतली, बोळा म्हणून चर्चचं रविवारचं पत्रक कोंबलं आणि उडवला बार. समुद्रपक्षी उधळले. पलीकडे पडदे हलले. बस.

पुन्हा ठासली. दुसरा बार. कुणी नाही.

"ब्लांश, राहू दे गं."

"तीन असतात."

ती तिसऱ्यांदा दारू ओतत होती तेवढ्यात खाडीपलीकडून धडाड्कन आवाज आला. चेसकाकाच्या अंगणातून धूर वर चढत होता. बाकीची घरं गप्पच राहिली. ब्लांशनं खांदा चोळला, बंदूक त्या धुराच्या दिशेनं आभाळात उचलली आणि तिसरा बार काढला.

दुसऱ्या दिवशी दुकानात तिनं विचारलं, "काका, काल काय होतं?"

"बदक."

"जुलैत बदकं मारायला बंदी आहे."

"मग जा, कर तक्रार. आणि पुढच्या वेळी दारू कमी भर. खांदा निखळेल."

"पुढची वेळ कसली?" ब्लांश म्हणाली. "एकदाच करायचं होतं मला. झालं."