गेटजवळचा कांचन आणि पार्किंगमधला आपटा

ये गं, जवळ सरक. लिहून बोलतेय म्हणून लांबून ऐकू नकोस. दसऱ्याला आत्याच्या घरी यायचं, तर तू मोबाइलवर सोन्याच्या पानाचं चित्र पाठवून मोकळी झालीस. वर ते पानही आपट्याचं नव्हे, कांचनाचं. रागवत नाही मी. पण तुझी आत्या खाडीकाठच्या शेतकऱ्याच्या घरात नांदली आहे, तिला असलं पान दाखवताना जरा विचार करायचा.

तू म्हणशील, दोन्ही पानं सारखीच. मधोमध चिरलेली, उंटाच्या पावलासारखी. आहेतच ती भावंडं. कांचन, आपटा, गुलमोहर, सोनमोहर, बहावा, सगळी शेंगवाली मंडळी, आपल्या वालाच्या भावकीतली. पण बहिणी सारख्या दिसतात म्हणून धाकटीला मागणी घालून कुणी थोरलीला घेऊन जात नाही. कांचनाचं पान मोठं, लांबट, मऊ. आपट्याचं लहान, जाड, लांबीपेक्षा रुंदीच जास्त, आणि खालून राखट. रात्री मिटतं ते पुस्तकासारखं. बोट फिरवलं तरी कळतं, पण बोट फिरवायला सवड कुणाला आहे?

आमचं शेत बिल्डरला दिलं, त्यावर ही सोसायटी उठली आणि आम्हाला वरचा फ्लॅट मिळाला. बिल्डरने कंपाउंडमध्ये शोभेची झाडं लावली. गुलमोहर लावला. त्याच्या चार पाकळ्या लाल आणि पाचवी पांढरट, ठिपक्यांची, जशी लग्नात एखादी मुद्दाम वेगळी साडी नेसून येते. सोनमोहर लावला. त्याला तांब्याच्या रंगाच्या चपट्या शेंगा धरतात, त्या फुलांहून देखण्या, पण फोटो सगळे फुलांचेच काढतात. गेटजवळ कांचन लावला. आपटा मात्र कुणी लावलेला नाही. तो आमच्या बांधावरचा. सासरे त्याच्या सालीचा दोर वळून भाताचे भारे बांधायचे. बांध गेला आणि आपटा पार्किंगच्या कोपऱ्यात वाकडातिकडा उभा राहिला. त्या शेतातलं माझ्या डोळ्यांपुढे तेवढंच उरलंय.

दर दसऱ्याला सोसायटी कांचनावर तुटून पडायची. तो बिचारा नेमका तेव्हा कळ्यांवर आलेला. खुर्च्यांवर चढून कळ्यांसकट ओरबाडायचा, आणि मग नवे कुर्ते सावरत "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा" म्हणून त्याचीच पानं एकमेकांच्या हातात द्यायची. आपटा तिथूनच दिसत असायचा. त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. माझं झाड सुखात आहे, मी कशाला तोंड उघडू?

यंदा गणपती झाले आणि मीटिंग भरली. आमचे चेअरमन मुंबईत मोठ्या हुद्द्यावर आहेत, मीटिंगलाही ऑफिसात असल्यासारखे बसतात. म्हणाले, "पार्किंगमधलं ते जंगली झाड काढून टाकू. काळ्या वाकड्या शेंगा गाडीच्या काचेवर पडतात. त्या जागी काहीतरी डेकोरेटिव्ह लावू. परवानगीचं मी बघतो."

माना हलल्या. एक बाई म्हणाल्या, "पाम लावा. त्याचा कचरा होत नाही." त्यांच्या घरी कुंडीतली फुलंही प्लास्टिकची आहेत, तेव्हा कचऱ्याचं त्यांना कळणारच.

मी म्हटलं, "साहेब, दसऱ्याला आपटा लागतो ना तुम्हाला?"

"आहे ना आजी, गेटजवळ."

"तो कांचन. तुम्ही तोडायला निघालात तो आपटा."

हसले सगळे. "मग इतकी वर्षं आम्ही वाटलं काय?"

"शोभेची पानं," मी म्हटलं.

मग मोबाइल निघाले. सगळे खाली गेले, पानं उलटीपालटी झाली, फोटोशी लावून पाहिली. आणि चेअरमननी पायातल्या चपला काढून त्या झाडाला हात जोडले. सकाळपर्यंत काच घाण करणारं झाड संध्याकाळी पूजनीय झालं. भोवती पार बांधायचं ठरलं, पाटी लागली, आणि ग्रुपवर मेसेज गेला की आपल्या सोसायटीत अस्सल आपटा आहे.

घरी आले तर तुझे मामा, म्हणजे माझे हे, पेपरामागून म्हणाले, "तुला कोनी सांगितलं होतं बोलायला?"

"झाड वाचलं ना."

"बघू."

दसऱ्याला सकाळी खिडकी उघडली. खाली जत्रा. तो मेसेज शेजारच्या सोसायट्यांतही फिरला होता. कुणी गाडीच्या टपावर उभं होतं. ज्या गाडीला शेंग पडलेली चालत नव्हती, त्याच गाडीच्या टपावर. पामवाल्या बाई पिशवी धरून होत्या. फांद्याच मोडून घेत होते. मी जिना उतरून खाली पोचेपर्यंत झाड खराट्यासारखं झालं होतं. चेअरमन पुढे आले, माझ्या हातात दोन पानं ठेवली आणि म्हणाले, "घ्या आजी, सोनं घ्या. यंदा अस्सल आहे."

मी घेतली. काय करणार, सणाचा दिवस. पानं देव्हाऱ्यात ठेवली आणि ह्यांच्याकडे बघितलं नाही.

तिकडे गेटजवळचा कांचन यंदा पहिल्यांदाच पुरा फुलला. गुलाबी, जांभळा, एका पाकळीवर गडद रेघा. कुणी त्याला हात लावला नाही, कारण तो आता खोटा ठरला ना. सुटला बिचारा. मी आता त्याचीच भलामण चालवली आहे. जो भेटेल त्याला सांगते, पुढच्या वर्षी ह्याची पानं वाटा, ह्यानं घरात लक्ष्मी टिकते. चेअरमन विचारात पडलेत.

आणि आपट्याच्या मोडलेल्या फांद्यांना बारीक फूट आली आहे. नखाएवढी पानं, पण मधोमध चीर आत्ताच दिसते. दसऱ्याची वाट बघू नकोस, तेव्हा काय उरेल सांगता येत नाही. या रविवारीच ये. हात रिकामे आण, पण बोट फिरवून पान ओळखायला शीक, मगच तुला चहा मिळेल.