आईंचे नाकारलेले शब्द

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी भाजीवाल्याशी झालेलं भांडणसुद्धा रंगवून सांगते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या डोंबिवलीच्या घरी चहाला यायची शक्यता कमी. आणि आलात तरी सासूबाईंसमोर विषय काढणार नाही, एवढा विश्वास आहे.

तसं बघितलं तर प्रकरण कुणाच्या खिजगणतीत नसलेलं. एका फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमधली काही बटणं, आणि त्यांच्यावर लिहायचे मराठी शब्द. यात कुणी कुणाचं काय वाईट करणार? — मीही स्वतःला हेच सांगत आले.

आधी ते सॉफ्टवेअर सांगते, म्हणजे मला थोडा धीर येईल. फोटो छाटायचं, उजळायचं, जोडायचं साधं सॉफ्टवेअर आहे. ओपन सोर्स. म्हणजे त्याचा आतला कोड कुणीही उघडून बघावा, बदलावा, आणि एक पैसा न देता वापरावा. जगभरचे हौशी लोक ते आपापल्या भाषेत आणतात. त्यासाठी एक वेबसाइट आहे. तिथं इंग्रजी शब्दासमोर कुणीही मराठी शब्द सुचवायचा आणि परीक्षकानं तो मंजूर करायचा, नाहीतर शेरा लिहून नाकारायचा. मराठीची परीक्षक मी. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मी यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिते, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. तिथं खरं नाव द्यावं लागत नाही. मी ‘शब्दपाल’ असं नाव घेतलं होतं. नावावरूनच कळलं असेल, डोक्यात किती हवा होती ते.

शिवाय मी इंटरनेटवर, माझ्या खऱ्या नावानं, मराठीतून धडे लिहून टाकायचे — फोटो कसा छाटावा, जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी फुकटचं, हलकं लिनक्स कसं घालावं, भाषांतराला आपण हातभार कसा लावावा. नवऱ्याचा जुना लॅपटॉप विंडोजच्या ओझ्यानं रांगायला लागला, तेव्हा माझ्याच धड्याप्रमाणे त्यावर लिनक्स घातलं आणि तो आईंना दिला. आई म्हणजे माझ्या सासूबाई.

आता आईंबद्दल. आणि इथेच माझी बोटं अडखळतात.

आई बँकेतून निवृत्त झाल्या. सगळी नोकरी काउंटरवर, समोर रांग. आमच्या मानपाड्याच्या भाजीबाजारात अजून लोक त्यांना थांबवून नमस्कार करतात. माणूस चांगला, यात वादच नाही. पण माझं मराठी त्यांना खुपायचं. मी वाढले ठाण्यात, आमच्याकडे सगळे ‘मी गेलेलो, आलेलो’ करतच मोठे झाले. ‘आई, मी काल ठाण्याला गेलेले,’ असं म्हटलं की त्या हसून म्हणायच्या, ‘गेले होते.’ रागानं नाही हं — गालावरचं शीत काढावं तितक्या सहज. पाहुण्यांसमोरसुद्धा. लग्न झाल्यापासून. मी काय बोलणार? हसायचे आणि दुरुस्त वाक्य पुन्हा म्हणायचे.

हे मी कारण म्हणून पुढे करत नाहीये. पण हे सांगितलं नाही, तर पुढचं नुसतं विचित्र वाटेल.

एक दिवस त्या वेबसाइटवर ‘कुमुद’ नावाच्या कुणीतरी शब्द सुचवायला सुरुवात केली. ‘पूर्वावलोकन’ऐवजी ‘आधी बघा’. ‘दीप्ती’ऐवजी ‘उजेड’. ‘पूर्ववत करा’ऐवजी ‘मागे घ्या’. आणि ‘रद्द करा’ऐवजी — ‘राहू द्या’. प्रत्येक शब्दाखाली नम्र ओळ: कृपया तपासावे. मी परिभाषा कोशाशी ताडून पाहिले आणि नाकारले. तोवर माझ्या मनात काही नव्हतं, खरंच. आपण म्हणजे भाषेचे राखणदार, असा समज होता एवढंच.

मग एका सकाळी आईंच्या टेबलावर चहाचा कप ठेवायला गेले. त्या गॅलरीत तुळशीला पाणी घालत होत्या. लॅपटॉप उघडा होता, आणि पडद्यावर माझा शेरा होता. ‘अप्रमाण. — शब्दपाल.’ वर नाव, कुमुद. आईंचं माहेरचं नाव. माझं लग्न ठरताना कधीतरी ऐकलेलं आणि विसरलेलं.

तेव्हा काय करायला हवं होतं? हसायला हवं होतं. ‘अहो आई, तो शब्दपाल म्हणजे मीच’ — एवढं एक वाक्य. दोघी पोट धरून हसलो असतो. आजही मला वाटतं, त्या सकाळी सगळं घर हसलं असतं.

मी कप ठेवला आणि पाय न वाजवता परत आले.

आणि त्यानंतर मला मजा यायला लागली. खोटं कशाला बोलू? ऑफिसात डबा खाऊन झाला की मी यादी उघडायचे. कुमुदचा शब्द दिसला की पाठ ताठ व्हायची. ‘बोलीभाषा चालणार नाही.’ ‘अर्थ शिथिल.’ ‘कृपया व्याकरण पाहावे.’ — व्याकरण! मी, आईंना! त्यातले कितीतरी शब्द चांगले होते. मला ते वाचताक्षणी कळायचं, कारण बोट क्षणभर थबकायचं. मग मी नाकारायचे. त्या घरात माझा शब्द शेवटचा ठरेल अशी ही एकच जागा होती, आणि आईंना ते ठाऊकही नव्हतं.

अजून मुख्य गोष्ट राहिलीच आहे. मी तिच्याभोवती फिरतेय, तुमच्या लक्षात आलं असेल.

दोन फोटो एकमेकांत मिसळायचं एक बटण आहे. त्यासाठी आईंनी शब्द दिला, ‘कालवा’. दहीभात कालवतो तसं. मला तो आवडला. आवडला म्हणूनच की काय, मी लिहिलं — ‘हे सॉफ्टवेअर आहे, स्वयंपाकघर नव्हे.’

कोण बाई कुणा बाईला असं लिहिते? आणि कुणाच्या स्वयंपाकघरात रोज जेवून?

त्यानंतर कुमुदचा एकही शब्द आला नाही.

थोड्या दिवसांनी चहा पिताना आई आपणहून म्हणाल्या, ‘अनघा, मी एक उद्योग केला होता. तुझाच धडा वाचून नाव नोंदवलं त्या भाषांतरात. शब्द छापून आले की तुला चकित करायचं होतं.’ मग हसल्या. ‘जमलं नाही गं. माझं मराठी बँकेबरोबरच रिटायर झालंय बहुतेक.’

मी म्हटलं, ‘जाऊ द्या हो आई, असे लोक असतात.’

‘कोण असेल गं तो शब्दपाल?’

‘असेल कुणीतरी पुण्याचा खडूस म्हातारा,’ मी म्हटलं, आणि त्यांच्या बशीत अजून एक बिस्किट ठेवलं. त्यांना केवढं हसू आलं. मलाही आलं — तेही सांगून टाकते.

लॅपटॉपवर मग फक्त पत्त्यांचा खेळ उरला. आणि अजून एक झालं. आईंनी मला दुरुस्त करणं सोडलं. मी मुद्दाम ‘गेलेले’ म्हणून पाहिलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि भाजी निवडत राहिल्या. जिला आपल्या मराठीची एवढी खात्री होती, ती बाई आता सोसायटीच्या नोटिशीचे दोन ओळींचे मसुदे मला तपासायला द्यायची. मी तपासायचे. अशी वर्षं गेली.

गेल्या हिवाळ्यात मी ठाण्यातल्या एका वाचनालयात शनिवारचा वर्ग सुरू केला. ज्येष्ठांसाठी, फुकट सॉफ्टवेअरचा. तिथं विल्मा आँटी येतात. ठाण्याच्या जुन्या ख्रिस्ती वाडीतल्या, लग्नांचे फोटो नीट करायला शिकायचंय म्हणून. एका शनिवारी त्यांच्या पडद्यावर चौकट उघडली — ‘जतन करा’, ‘रद्द करा’ — आणि आँटींनी माऊसवरून हातच उचलला.

‘मॅडम, हे रद्द दाबलं तर माझा फोटोच रद्द व्हायचा नाय ना? आईबापाच्या लग्नाचा एकच हाय.’

मी म्हटलं, ‘नाही हो आँटी, फोटोला काही होत नाही. ते बटण म्हणजे — राहू द्या, असं समजा.’

‘मग तसंच लिवायचं ना,’ त्या म्हणाल्या आणि बटण दाबलं.

वर्ग पुढे चालू राहिला. मी काय शिकवलं ते आठवत नाही. परतताना शीळफाट्याला बस अडकली, तेव्हा मोबाइलवर ती जुनी यादी उघडली. अशा प्रकल्पांत काही पुसलं जात नाही. कुणी काय सुचवलं, कुणी का नाकारलं, सगळं तसंच राहतं, आणि जगात कुणालाही वाचता येतं. मी कुमुदचे सगळे शब्द पुन्हा वाचले. सगळेच काही अप्रतिम नव्हते. पण मी लिहिलेलं एकही वाक्य त्या शब्दांबद्दलचं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी ते एकेक करून तपासले, या वेळी खरोखर. बहुतेक मंजूर केले. ‘आधी बघा’, ‘उजेड’, ‘राहू द्या’, ‘कालवा’. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत ते आलेसुद्धा. विल्मा आँटी आता बटणं वाचतात आणि दाबतात, मला हाक मारत नाहीत. हे बघून बरं वाटलं, फार बरं वाटलं. पण शब्दपालच्या नावानं मंजूर करणं म्हणजे पुन्हा बुरख्याआडून उपकार केल्यासारखं झालं. म्हणून मी माझ्या खात्याचं नाव बदललं. खरं नाव घातलं, आडनावासकट — जे आईंचंही आहे. ते बदलल्याबरोबर जुन्या प्रत्येक शेऱ्याखाली अनघा आली. मग आईंना म्हटलं, ‘तुमचे शब्द घेतलेत, बघा.’

त्यांनी बघितलं. मग खाली सरकत जुने शेरे वाचले, त्यांच्याखालचं नावही. रात्री जेवायला वाढताना अगदी हळू म्हणाल्या, ‘तेव्हा तुला कुठे ठाऊक होतं गं, ती मी आहे म्हणून. आणि नंतर लाजलीस सांगायला. होतं असं.’

बघा, किती नीट घडी घालून दिलं त्यांनी मला. त्यात थोडं खरंही होतं — पहिले काही शब्द मी खरंच नकळत नाकारले होते. फक्त हो म्हणायचं होतं.

मी मान डोलावली. हो, डोलावली.

त्या मानेसह मी काही दिवस काढले. आज दुपारी यादी उघडली, तर एक नवा शब्द आलेला. कुमुदकडून. सॉफ्टवेअरमध्ये एका चित्रावर दुसरं, त्यावर तिसरं असं ठेवतात, त्याला आम्ही ‘स्तर’ म्हणतो. आईंनी सुचवलंय, ‘पदर’. खाली लिहिलंय, ‘चांगल्या पोळीला सुटतात तसे. तपासून सांग.’

आजवर त्या ‘कृपया तपासावे’ लिहायच्या. आता समोर कोण आहे ते माहीत असून त्यांनी शब्द पाठवला होता, आणि तोही पोळीचा. मी किती तरी वेळ ते ‘सांग’ वाचत बसले. बऱ्याच वर्षांनी त्यांना स्वतःच्या शब्दाची खात्री होती. ती माझ्या एका खोट्या मान डोलावण्यावर उभी राहावी, हे मला सहन होईना.

शब्द मी कोशात पाहिला, मग स्वतःशी म्हणून पाहिला. चांगला आहे. मंजूर केला. आणि शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं — ‘आई, पहिले काही शब्द सोडले तर बाकी सगळे मी तुमचे आहेत हे माहीत असताना नाकारले. कालवासुद्धा.’

बटण दाबलं. ते आता तिथंच राहील. आई आत झोपल्यात. चार वाजता उठून चहा घेतील आणि लॅपटॉप उघडतील.